महामार्गावरचं अभिनंदन

प्रणिताने रोह्याचं कॉलेज घ्यायचं ठरवलं होतं आणि ते अजून कोणालाही सांगितलं नव्हतं. सकाळी ती दूध आणायला गडबच्या नाक्यावर गेली, तेव्हा महामार्गाच्या कडेला तिचाच दहा फुटी चेहरा तिच्याकडे बघून हसत होता. खाली लिहिलं होतं : ‘मुंबईच्या नामवंत महाविद्यालयात निवड झाल्याबद्दल गडबची सुकन्या कु. प्रणिता हिचे हार्दिक अभिनंदन!’ शुभेच्छुक म्हणून गावचे कार्यकर्ते पुंडलिक यांचा फोटो होता. तो तिच्या फोटोपेक्षा मोठा होता आणि त्यात त्यांनी मोबाइल कानाला लावलेला होता.

निवड झाली होती, ते खोटं नव्हतं. त्या कॉलेजचं नाव घेतलं की समोरचा माणूस जरा सरळ बसत असे. तिथल्या प्रयोगशाळेचे फोटो प्रणिताने मोबाइलवर इतक्यांदा पाहिले होते, की कोणतं कपाट कुठे आहे हे तिला पाठ झालं होतं. पण तिथे हॉस्टेल आणि मेस यांचा खर्च होता. रोह्याला मोरोपंत नावाचे निवृत्त शिक्षक आपल्या दिवंगत पत्नीच्या, लतिकाबाईंच्या नावाने दरवर्षी विज्ञानाच्या एका मुलीला शिष्यवृत्ती देत. फी, पुस्तकं, रेल्वेचा पास, सगळं त्यात येई. यंदा ती प्रणिताला मिळणार होती. फक्त होकार कळवायचा राहिला होता.

आणि नितेश होता. वडिलांच्या पायाचं ऑपरेशन निघालं तेव्हा तिच्या या भावाने बी.कॉम.चं शेवटचं वर्ष सोडून नागोठण्याजवळच्या एका कंपनीत नोकरी धरली होती. प्रणिता मुंबईला गेली की त्याने डबल शिफ्ट करायची, हे घरात कोणी न बोलताच ठरलं होतं. ती रोह्याला गेली तर त्याला आपलं वर्ष पुरं करता येणार होतं. प्रणिताने हे गणित वेगवेगळ्या बाजूंनी मांडून पाहिलं. उत्तर बदललं नाही.

ती दूध घेऊन घरी पोचेपर्यंत ओटीवर बायका जमल्या होत्या. कोणी पापड आणले होते, कोणी कडव्या वालाची पिशवी. सरूकाकीने तर जुन्या साड्यांची गोधडी आणली होती.

“मुंबयला थंडी नसते गो काकी,” प्रणिता म्हणाली.

“थंडी नसंल, पण रात्र तर असते ना?”

“काकी, मी अजून ठरवलेलं नाही.”

“तू नसंल ठरवलं. हायवेवर तर ठरलंय!”

प्रणिताची आई हौसा आनंदाने चहावर चहा टाकत होती. दूध अजून पातेल्यात पडतच होतं, तेवढ्यात मोरोपंतांचा फोन आला.

“अभिनंदन! काल गणपतीची मूर्ती सांगायला पेणला गेलो होतो. संध्याकाळी परतताना तुझा फलक वाचला. छान झालं. मग आमची शिष्यवृत्ती निडी गावच्या मुलीला देतो. पुढचा नंबर तिचा आहे.”

“सर, थांबा! मी रोह्यालाच येणार आहे.”

“अगं, पण तिथे तर...”

“मी येऊन सांगते.”

कासू स्टेशनवरून मिळेल ती गाडी धरून ती रोह्याला पोचली. मोरोपंतांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवत आले होते.

“एका बाजूला तुझं तोंडी म्हणणं,” ते म्हणाले, “आणि दुसऱ्या बाजूला दहा फुटी पुरावा. गेल्या वर्षी एका मुलीने होकार दिला आणि ऐन वेळी पुण्याला निघून गेली. शिष्यवृत्ती वाया गेली. लतिकाला ते आवडलं नसतं. बरं, तू मोठं कॉलेज का सोडतेस?”

“घरचं कारण आहे, सर.”

मोरोपंतांनी पुढे विचारलं नाही. “उद्या मूर्तीचा रंग ठरवायला पुन्हा पेणला जातोय. दुपारी परत येताना तो फलक दिसला नाही, तर शिष्यवृत्ती तुझी.”

हे सोपं होतं. गडबला उतरल्यावर ती थेट पुंडलिककाकांकडे गेली.

“काढायचा?” पुंडलिककाका खुर्चीतून उठलेच. “काल लावलेला फ्लेक्स लगेच काढला तर लोक काय म्हणतील? पुंडलिकचं काय तरी फिसकटलं म्हणतील. इलेक्शन तोंडावर हाय, पोरी.”

“पण काका, मला न विचारता लावलात कसा?”

“मी कुठं लावला? फोटो न् मजकूर तुझ्या भावानं आणला. पैसं पण त्यानंच दिलं. माझा फोटो मी नंतर घातला.”

नितेश शिफ्टवरून येऊन पाय धूत होता. प्रणिता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“दादा, फ्लेक्स तू लावलास?”

“व्हय.”

“आधी मला विचारायचं नाही?”

“विचारलं असतं तर तू रोहा म्हणाली असतीस.” त्याने पायावर शेवटचा तांब्या ओतला. “मोबाइलवर रात्रंदिवस कोणाची लॅब बघत असतेस, मला दिसत नाय काय? आता सगळ्या गावाला माहिती झालंय. आता मागं सरता येणार नाय.”

“आणि तुझं शेवटचं वर्ष?”

“ते कुठं पळून जातंय!”

“तीन वर्षं झाली, दादा. ते तिथेच आहे. पळतोयस तू.”

नितेशने टॉवेल खांद्यावर टाकला आणि आईला जेवण वाढायला सांगितलं. विषय संपला, असा त्याचा समज झाला. प्रणिताला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. माणूस एवढी लबाडी आपल्यासाठी करतो, तेव्हा रागावायचं कसं, हे तिला कळेना. मग तिने चप्पल घातली आणि ती पुन्हा पुंडलिककाकांकडे गेली.

“काका, काढू नका. बदला.”

“म्हणजे?”

“एकाच घरात दोन अभिनंदनं. शुभेच्छुक तुम्हीच. फोटो हवा तेवढा मोठा घाला.”

पुंडलिककाकांनी डोळे बारीक केले. “तुमच्या घरात मतं किती?”

“चुलत्यांची धरून पुष्कळ.”

त्यांनी लगेच पेणच्या छपाईवाल्याला फोन लावला. या वेळी खर्चही त्यांनीच केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नितेश बाइकवरून घरी निघाला होता. नाक्यावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ गाडी थांबवून वर बघत उभे होते. नितेशने बाइक हळू केली.

“मी रोह्याचा मोरोपंत. तुम्हीच का ते?” मोरोपंतांनी फलकाकडे आणि मग त्याच्याकडे बघत विचारलं. “अभिनंदन.”

“माझं? कशाबद्दल?”

मोरोपंतांनी फक्त बोट वर केलं. फलकावर डावीकडे प्रणिता होती : लतिकाबाई शिष्यवृत्तीवर रोह्याला प्रवेश. उजवीकडे नितेश होता; फोटो कुठल्याशा लग्नातला, फेटा बांधलेला. खाली लिहिलं होतं : ‘नोकरी सांभाळून बी.कॉम.चे अखेरचे वर्ष पूर्ण करणार असल्याबद्दल!’ मध्ये पुंडलिककाका होते. त्यांचा मोबाइल आता दोघांच्याही डोक्यांवरून जात होता.

तेवढ्यात समोरच्या दुकानातून सरूकाकी नारळ घेऊन धावत आली. “अरे, बोलला नाहीस तो! कालची गोधडी परत मागायला गेले होते, तर तुझी आई म्हनली, आता दोघांना मिळून वापरू दे. धर हा नारळ.”

“काकी, मी अजून ठरवलं नाय...”

“काल ती पण असंच म्हनत होती.”

रस्त्यापलीकडे प्रणिता उभी होती. तिच्या हातात त्याचा प्रवेश अर्ज होता. सही तेवढी बाकी होती. ती हसत नव्हती. तो काय म्हणेल याची तिला खरोखरच भीती वाटत होती.

नितेशने नारळ टाकीवर ठेवला. फलकावरच्या स्वतःच्या फेट्याकडे त्याने एकदा बघितलं. मग तो मोरोपंतांकडे वळला आणि म्हणाला,

“सर, सकाळचं कॉलेज किती वाजता सुटतं? दुपारच्या शिफ्टला पोचायला पाहिजे.”