तेवीस दारं आणि एक सुनावणी

"माझं कंत्राट रद्द करायची कुणाची टाप नाही," सुतारकामाचे ठेकेदार चहा पिता पिता बायकोला म्हणाले. "अख्ख्या सरकारी कचेरीची दारं माझ्या शेडमध्ये दुरुस्तीला पडलीत. तेवीस."

कप खाली ठेवायच्या आत शिपाई पत्र घेऊन आला. कंत्राट रद्द. काम तात्काळ थांबवावे. सर्व सरकारी सामान पुढील आदेशापर्यंत आहे त्या स्थितीत ठेवावे.

"जातो आणि एकेकाला बघतो."

बायकोचं आयुष्य कोर्टात कारकुनी करण्यात गेलं होतं. तिनं पत्र दोनदा वाचलं. "बसा. आठ सुतारांची चूल तुमच्या जिभेवर आहे. रंधा थांबवा, दारांचे फोटो काढा, किती झालं किती राहिलं ते लिहा. मग कारण विचारा आणि सुनावणी मागा. मुदत पंधरा दिवस आहे, भांडायला नंतर जन्म पडलाय."

अर्ज गेला. शेडमध्ये सुतार हातावर हात ठेवून बसले.

चौथ्या दिवशी कचेरीतल्या साहेबांचा फोन आला. "अहो, निदान माझ्या केबिनचं दार तरी लावून द्या. कोणीही आत येतंय. काल एक आजोबा माझ्यासमोर बसून डबा खाऊन गेले."

ठेकेदार विरघळले. बायकोनं फोन काढून घेतला. "साहेब, आहे त्या स्थितीत ठेवायचंय. सही तुमचीच आहे."

"बरं, सुनावणीत बघू."

"कधी ठेवताय?"

पलीकडून साहेबांनी पानं चाळल्याचा आवाज आला. "सुनावणी बंद दाराआड घ्यायची असा नियम आहे."

कागदावर सही करणाऱ्याला त्याचं वजन कधी कळत नाही. ते कळायला आपल्याच खोलीचं दार जावं लागतं. साहेबांनी मुकाट्यानं लेखी आदेश काढला: एक दार, सुनावणीपुरतं.

त्या दाराची कडा तासायची राहिली होती. काम करायची मनाई होती, म्हणून ठेकेदारांनी ते तसंच ठोकून चौकटीत बसवलं. ठेकेदार आणि बायको साहेबांसमोर आत बसले, बाहेर जिन्यावर आठही सुतार श्वास रोखून बसले.

आत दहा मिनिटांत निकाल लागला. काम रखडल्याची तक्रार होती; साहेबांनी फोटो पाहिले, यादी पाहिली, कंत्राट पुन्हा चालू केलं आणि सही ठोकली. मग उठून दार ओढलं. ते हललं नाही.

"काढा ना ते," साहेब म्हणाले.

ठेकेदारांचा हात पिशवीतल्या पटाशीकडे गेला. बायकोनं तो धरला. "नवा आदेश जावक वहीत चढल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही."

जावक वही बाहेरच्या टेबलावर होती. तिचा कारकून जेवायला गेला होता.