पेटीत नसलेला सूर

हणमंतअण्णा माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं : "अम्मा, तुमचा मिक्सर स्वल्प उतरलाय."

सकाळचे साडेसात वाजले होते. दारात सत्तरीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात वीतभर लांब स्क्रूड्रायव्हर. मला वाटलं, दुरुस्तीवाला. म्हटलं, मी कुणाला बोलावलेलं नाही.

"मी वरच्या मजल्यावरचा. मागच्या आठवड्यात मिक्सर काळी दोनमध्ये होता. आज पांढरी दोनच्या जवळ आलाय. आतलं बुश गेलंय. चटणी करू नका."

मी दार लावलं आणि चटणी केली. अर्ध्या चटणीत मिक्सर बंद पडला.

काळी दोन, पांढरी दोन म्हणजे पेटीच्या पट्ट्या, हे मला नंतर कळलं. मला सुरातलं काही कळत नाही. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत खरेदीचं काम बघते आणि बंगळुरातल्या बनशंकरीत आमच्या इमारतीची सेक्रेटरी आहे, कारण मीटिंगला मी एकटीच वेळेवर गेले होते. अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांमागे एक कानडी शब्द. सगळ्यात लाडका 'स्वल्प', म्हणजे थोडंसं. जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या मते स्वल्प चढलेली तरी असायची, नाहीतर स्वल्प उतरलेली. क्वचित एखादी नेमकी असली तर ते 'सरी' म्हणत. 'सरी' म्हणजे ठीक. मी सांगलीची, आमच्याकडे एवढी कंजूष दाद कुणी देत नाही.

आयुष्यभर त्यांनी एका कारखान्यात विजेच्या मोटारी तपासल्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. पास किंवा नापास. निवृत्तीनंतर मोटारी सुटल्या आणि त्यांच्या जागी आम्ही आलो. लिफ्ट, पाण्याचा पंप, जनरेटर, नव्या भाडेकरूची मोटरसायकल. ते सांगत आणि मी मेकॅनिक बोलावत असे. ते चुकले असते तर मला फार आवडलं असतं.

तळमजल्यावरचे मूर्ती वारले तेव्हाची गोष्ट. मुलगा परदेशातून यायचा होता, म्हणून भाड्याने काचेचा फ्रीजर बॉक्स आणला होता. घरात रडारड चाललेली. अण्णा आले, मूर्तींना नमस्कार केला, खाली वाकले आणि बॉक्सला स्क्रूड्रायव्हर लावून कान मुठीला टेकवला. सगळे गप्प झाले. मूर्तींच्या म्हाताऱ्या बहिणीला क्षणभर काय वाटलं कोण जाणे. तिने हळूच विचारलं, "आहे?"

"आहे," अण्णा म्हणाले. "पण फार तर दोन तास. दुसरा मागवा."

दुसरा मागवावा लागला. मूर्तींच्या घरचं कुणी अण्णांशी अजून बोलत नाही.

या माणसाशी बोलायला एक जण कधी कंटाळली नाही, ती म्हणजे त्यांची बायको, सरोजाक्का. अक्का गायच्या. अण्णांना सूर ओळखता येत होता, पण गळ्यातून काढता येत नव्हता. अक्कांना तो काढता येत होता, पण नाव विचारलं की त्या म्हणत, "मला काय माहीत? त्यांना विचारा." वर्षातून एका रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये गाण्याची बैठक व्हायची. जमखान्यावर तीस-चाळीस माणसं, समोर बाहेरून बोलावलेली गायिका, माईक नाही. नंतर इडली आणि कॉफी. मी इडलीसाठी जायची, आणि मागे म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या मांडायला कुणीतरी शहाणं माणूस लागतं म्हणून.

मग अक्कांची फुप्फुसं हळूहळू कडक होत गेली. असा एक आजार असतो, त्याला औषध नसतं. घरी प्राणवायूचं यंत्र आलं. चाकांचं खोकं, त्याची नळी नाकाला. दिवसभर घरघर आणि दर काही सेकंदांनी एक फुस्स. अण्णांनी पहिल्याच दिवशी त्याला स्क्रूड्रायव्हर लावला.

"पांढरी पाचच्या वर, काळी चारच्या खाली," ते म्हणाले. "दोन पट्ट्यांच्या फटीत. हा सूर पेटीत नाही."

"अण्णा, त्यांना श्वास घ्यायचाय," मी म्हटलं. "गायचं नाहीये."

"या शहराची सगळी वीज याच सुरात गुणगुणते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मरसुद्धा. लोकांना ऐकू येत नाही."

अक्का हसल्या आणि मग बराच वेळ खोकल्या.

त्या वर्षीची बैठक त्यांच्याच हट्टाने झाली. त्या आतल्या खोलीत पलंगावर, दार उघडं, यंत्र चालू. गायिकेचा सूर काळी चार. अण्णा तिला सकाळी एवढंच म्हणाले, "आत यंत्र आहे. ते तुमच्यापेक्षा स्वल्प खाली आहे. सांभाळून घ्या." आतून अक्कांनी ते ऐकलं असणार.

मध्यंतराच्या जरा आधी मी त्यांना कॉफी द्यायला आत गेले. त्या उशीला टेकून डोळे मिटून पडल्या होत्या, ओठ जांभळे झाले होते. यंत्राचं बटण बंद होतं आणि त्यांचा हात अजून त्याच्यावर होता. मी बटण दाबलं, ओरडले, गाडी काढली. इस्पितळात नेलं. नवव्या दिवशी त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, त्या दिवसाचा याच्याशी संबंध नाही, हे होणारच होतं.

मी सगळ्यांना सांगितलं, वीज गेली होती. बंगळुरात हे कारण कुणीही तपासत नाही.

तेव्हापासून बैठक धर्मादाय झाली. येणारा जमेल ते पितळी डब्यात टाकतो, त्यातून अशी यंत्रं घ्यायची आणि ज्यांना परवडत नाहीत त्यांना वापरायला द्यायची. यादी माझ्याकडे असते. यंत्र कुणाकडे आहे, ते कधी परत आलं. परत येतं तेव्हा काय झालंय ते विचारावं लागत नाही. अण्णा ते पुसतात, जाळी धुतात, स्क्रूड्रायव्हर लावून ऐकतात, 'सरी' म्हणतात आणि आम्ही पुढच्या घरी पोचवतो.

यंदा बैठकीच्या आधी जे. पी. नगरहून वत्सला टीचरचा फोन आला. शाळेतून निवृत्त, एकट्या राहणाऱ्या, सहा महिन्यांपासून आमचं यंत्र वापरणाऱ्या.

"मला गाणं ऐकायला यायचंय हो," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचं काही खरं नाही. पण याचा आवाज होईल ना?"

मी वर गेले आणि अण्णांना तोडगा सांगितला. लांब नळी विकत मिळते. यंत्र आतल्या खोलीत ठेवायचं, दार ओढून घ्यायचं, टीचर हॉलमध्ये बसतील. खर्च किरकोळ.

अण्णांनी टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. मग म्हणाले, "सेक्रेटरीअम्मा, त्या दिवशी वीज गेली नव्हती. पंखा फिरत होता."

मी खुर्ची ओढून बसले.

"मी पहिल्या रांगेत बसलो होतो. आतलं यंत्र थांबलं ते मला कळलं. तुम्हाला कुणाला नाही कळलं, मला कळलं. मला मोटार थांबलेली कळते." त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात फिरवला. "आणि मला बरं वाटलं, अम्मा. म्हटलं, आता सूर लागला. मी डोळे मिटून ऐकत बसलो."

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले होते की संबंध नाही."

"डॉक्टरांना पंखाही दिसला नव्हता," ते म्हणाले. मग एकदम नेहमीच्या आवाजात, "आत नाही. टीचर पहिल्या रांगेत. यंत्र शेजारी."

रविवारी सकाळी नऊला गोंधळ सुरू झाला. यंदाची गायिका अनघा, पुण्याहून इथे नोकरीला आलेली. अण्णांनी तिला सांगितलं, षड्ज यंत्राचा घ्यायचा.

"म्हणजे काळी चारच्या जरा खाली? अंकल, टेक्निकली काहीच प्रॉब्लेम नाही," ती म्हणाली. "तंबोरे उतरवू. तबलाही उतरेल. पण पेटी?"

पेटीवाले मास्तर के. आर. पुरमहून आले होते. त्यांनी एक पट्टी दाबली, मग शेजारची दाबली आणि भाता बंद केला.

"हा सूर माझ्या पेटीत नाही."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले.

"मग मी काय करायचं?"

"ऐकायचं."

"दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून मी तुमच्या इडल्या खायला आलोय का?"

"इडल्या चांगल्या आहेत," अण्णा म्हणाले.

मास्तर पेटी खोक्यात घालून भिंतीला टेकून बसले ते शेवटपर्यंत फुगून. मी त्यांना दोनदा चटणी वाढली.

अण्णा यंत्राशेजारी जमिनीवर बसले. एका हाताने टोक यंत्राला धरलेलं, मूठ कानाला, आणि दुसरा हात हवेत. "वर... अजून स्वल्प... खाली... स्वल्प..." अनघा खुंटी पिळत होती. तंबोरा आणि यंत्र दोन्ही चालू होती. मला दोन आवाज ऐकू येत होते, मग एक ऐकू यायला लागला. हे मला पहिल्यांदाच ऐकू आलं, म्हणून नोंदवते.

"सरी," अण्णा म्हणाले.

गाणं सुरू झालं. माणसं डोळे मिटून माना हलवायला लागली. अण्णांनी मात्र गायिकेकडे पाठ केली होती. ते यंत्राकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचा उजवा तळवा बटणावर होता, नुसता झाकून ठेवलेला. आलाप बारीक झाला, हॉलमध्ये कुणी हलेना, तेव्हा यंत्राने मोठ्याने फुस्स केलं. टीचर ओशाळल्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच हात खाली नेला. तिथे अण्णांचा हात होता. त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी हात हलवला नाही. टीचरनी हात परत मांडीवर घेतला. दीड तासात अण्णांनी बसायची बाजूसुद्धा बदलली नाही.

दुपारी सगळे गेले. प्राणवायूचा छोटा सिलिंडर जोडून टीचरना गाडीत बसवलं, मागे यंत्र ठेवलं. मी वर येऊन कप गोळा करायला लागले. अण्णा तिथेच जमिनीवर बसले होते, उजवा हात डाव्या हाताने चोळत.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं.

"मला गाण्यातलं कळत नाही, अण्णा."

"गाण्याचं नाही विचारत. मला शेवटी शेवटी खात्री राहिली नाही. हात बधिर झाला होता."

मी कप खाली ठेवले. "चालू होतं," मी म्हटलं. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी ऐकत होते. एकदाही थांबलं नाही."

त्यांनी मान हलवली. 'सरी' म्हणतील म्हणून मी जरा थांबले. ते म्हणाले नाहीत. हात पुढे केला, मी त्यांना उठवलं, आणि आम्ही दोघांनी मिळून जमखान्याची घडी घातली.