पडीक शेतातला वाटाणा

काहीही न करण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही! त्यामुळे जमिनीला विश्रांती म्हणून शेत वर्षभर पडीक ठेवणाऱ्यांना सरकारने अनुदान जाहीर केलं, तेव्हा ही योजना माझ्याकडे बघूनच काढली असावी, याबद्दल मला शंका उरली नाही. नांगरायचं नाही, पेरायचं नाही. साहेब पाहणीला येणार. तण दिसलं तर चालेल, पीक दिसता कामा नये. बस्स!

"या पैशातून तुला वॉशिंग मशीन!" मी बायकोला शब्द दिला. गार पाण्यात धुणं धुऊन तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. तिने मोरीशेजारची जागा त्याच दिवशी रिकामी करून पुसून ठेवली.

तेवढ्यात सासरे राहायला आले. हाडाचे शेतकरी! रिकामं शेत बघून त्यांना जेवण जाईना.

"जावईबापूंना बरं नाही का गं?" त्यांनी लेकीला हळूच विचारलं.

नवरा काहीही न करण्याचे पैसे घेतो, हे बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं? "हो, जरा अशक्तपणा आहे," ती म्हणाली.

इथेच माशी शिंकली!

सासरे रोज पहाटे 'फिरायला' जाऊ लागले. घामाघूम होऊन परत यायचे आणि माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायचे. मी मात्र शेताकडे फिरकतही नव्हतो. उगाच हात शिवशिवायला नकोत!

असे दोनतीन महिने गेले आणि पाहणीचे साहेब आले. मी त्यांना रुबाबात बांधावर नेलं. मागून बायको चहा घेऊन आली. समोर पाहिलं तर काय! हिरवागार वाटाणा! शेंगांनी लगडलेला! पलीकडच्या टोकाला सासरे पाहुण्यांसाठी टोपीत शेंगा तोडत होते.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"तण, साहेब."

"सरळ ओळीत? काठ्यांच्या आधाराने?"

"हल्लीचं तण फार शिस्तीचं आहे, साहेब!"

साहेब हसले नाहीत. "हे बघा, तुम्ही पेरलं असेल तर अनुदान रद्द. दुसरं कोणी न विचारता शेतात शिरून पेरून गेलं असेल, तर त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार द्या. तुमचे पैसे शाबूत."

पोलिसांत! मी बायकोकडे पाहिलं. ती एकदा बापाकडे बघत होती, एकदा माझ्याकडे.

"मीच पेरला, साहेब!" मी ओरडलो. "एकट्याने! माझ्या या दोन हातांनी!"

मागे वळलो तर सासरे! नेमकं एवढंच ऐकायला बांधावर पोचलेले. टोपीतल्या शेंगा भराभर खाली सांडत होत्या.

"पहाटे उठून कमरेचा काटा मी ढिला केला," ते साहेबांची गाडी गेल्यावर म्हणाले, "आणि शाबासकी जावईबापूंना?"

मी तोंड उघडणार, तोच बायकोने मला चिमटा काढला. "सांगू नका हं," ती रात्री म्हणाली. "माझी मशीन त्यांच्यामुळे बुडाली हे कळलं, तर बाबांच्या जिवाला लागेल." तिचा आवाज इतका मऊ झाला होता, की मी भरात येऊन नको ते बोलून बसलो.

मशीन नाही तर धुणं मी धुईन, असा शब्द दिला! तेव्हापासून धुणं मी धुतो.

सासरे न्हाव्याच्या दुकानात बसून सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतात, "जावई तसा सोन्यासारखा आहे हो. फक्त दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव टाकतो!" वाटाण्याचा मोह काही सुटलेला नाही. रोज चिखलाने माखून घरी येतात, कपडे माझ्या पुढ्यात टाकतात आणि ओट्यावर पाय पसरून बसतात.

"जावईबापू," आज सकाळीच म्हणाले, "गुडघ्यावरचा डाग राहिलाय! त्यावर नुसतं आपलं नाव टाकून भागणार नाही, तो घासावाच लागेल!"