रिझवानभाईंचा खोकणारा एडिटर

रिझवानभाईंच्या कॉम्प्युटरवर तुम्ही एखादा कंस उघडला आणि बंद करायचं विसरलात, तर तो कॉम्प्युटर खोकतो. गंमत करत नाही मी. खरोखर खोकतो. थंडीत सकाळी स्टार्टर मारला की जुना ट्रक आधी खो-खो करतो ना, तस्सा. फाईल सेव्ह केली की इंजिन गुरगुरतं. फाईल बंद केली की एअरब्रेक सुटल्यासारखं 'फुस्स' होतं. आणि चूक फारच मोठी असली तर असा हॉर्न वाजतो, की आमच्या ऑफिसखालच्या बियाण्याच्या दुकानातला माणूस रस्त्यावर येऊन पाहतो, कोणाची गाडी आडवी लागली म्हणून.

आमचं ऑफिस पांढरकवड्याला. जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, आम्ही प्रोग्राम लिहितो. कापसाची गाडी वजनकाट्यावर चढली की वजन आपोआप कॉम्प्युटरात यावं आणि पावती निघावी, एवढाच आमचा पसारा. लिहितात रिझवानभाई. तपासते मी, आणि गिऱ्हाइकांच्या शिव्याही मीच खाते. उमरे सर मालक आहेत, ते काळजी करतात.

एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायची पाटी. माझ्या कॉम्प्युटरात एक आहे, आला तसा वापरते. पाटीचं काय कौतुक करायचं? पण रिझवानभाईंच्या एडिटरात काहीही बदलता येतं. कोणतं बटण दाबल्यावर काय व्हावं, कोणता शब्द कोणत्या रंगात दिसावा, कशाचा कसा आवाज यावा, सगळं. या माणसाला हे कोणी सांगायलाच नको होतं. आणि याच पाटीपायी गेल्या हंगामात हा माणूस चालती नोकरी सोडायला निघाला होता. तीच गोष्ट सांगते.

त्यांच्या लॅपटॉपला जोडलेला कीबोर्ड आधी पाहा. बाणाची चारही बटणं उपटून टाकलेली, तिथे नुसते खड्डे. मी विचारलं, "अहो, बाण कुठे गेले?"

"बाण कायले पायजे, ताई? आपल्याच घरात हिंडाले कोणी रस्ता इचारते का?"

माऊसला ते हात लावत नाहीत. म्हणतात, "माऊस म्हणजे दुसऱ्याच्या हातानं जेवणं." आणि कामाला कधी लागणार असं विचारलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य तयार असतं: "पयले औजार, मंग काम." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. दोन ओळींचं काम असायचं. सकाळी बसायचे, म्हणायचे, "हा पिवळा डोये खाते," आणि दुपारपर्यंत पिवळ्याची खटपट चालायची. संध्याकाळी दोन ओळी टाइप करायचे, अर्ध्या मिनिटात. ओळी मात्र बिनचूक असायच्या, हे मला कबूल करावंच लागतं. नाइलाज आहे.

आवाज गोळा करायला हा माणूस हैदराबाद रोडवरच्या ढाब्यांवर जायचा. मोबाईल हातात धरून ट्रकच्या बॉनेटला कान लावायचा. एका ड्रायव्हरला वाटलं, हा कोण्या खात्याचा माणूस. "क्या चेक कर रहा बे?" म्हणून त्यानं गचांडी धरली. "कुछ नहीं भाऊ, तुम्हारी गाडी खांसते अच्छी," असं यांनी सांगितलं. ड्रायव्हरनं घाबरून गचांडी सोडली आणि चहा पाजला. वेड्याला कोण मारतं?

एकदा ते बोरी अरबला सासरच्या लग्नात गेलेले, आणि मुकुटबनच्या जिनिंगमधून फोन. पावतीवर गाडीचा नंबर येत नाही, गाड्यांची रांग लागलीये, मॅनेजर तोंड सोडून बोलतोय. चूक एका ओळीची होती. मी म्हटलं, एक ओळ तर आहे, मी काय मेले का? बसले त्यांच्या खुर्चीवर. एक अक्षर दाबलं, पडद्याचे दोन तुकडे झाले. दुसरं दाबलं, अर्धा प्रोग्राम गडप. तिसऱ्याला खोकला, चौथ्याला हॉर्न. खालचा दुकानवाला जिना चढून वर आला. मी रिझवानभाईंना फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"ताई, पयले हात काढा!"

"काढला."

"आता डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबा. न्यूट्रल आला. हे गिअर हायेत, ताई. लिहाचा गिअर अलग, हिंडाचा अलग. तुम्ही हिंडाच्या गिअरात लिहून राह्यल्या, मंग गाडी खड्ड्यात जाईन नाही तं काय?"

लग्नाच्या मांडवातून त्यांनी एकेक बटण सांगितलं, मी दाबलं, आणि मुकुटबनची रांग हलली. शेवटी एडिटर गुरगुरला. "आयकलं? आता कसं इंजिन मस्त चाललं!" ते तिकडून ओरडले. मला मात्र त्यांचा गळा धरावासा वाटत होता.

तर गेल्या हंगामाच्या तोंडावर उमरे सर नागपूरला दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि येताना 'स्टँडर्ड' हा शब्द घेऊन आले. चहा स्टँडर्ड हवा, फोन स्टँडर्ड पद्धतीनं उचलायचा. मग म्हणाले, सोमवारपासून नवीन कॉम्प्युटर, सगळ्यांना एकच एडिटर, आवाज बंद. जुने लॅपटॉप पुसून परत द्यायचे.

"माहा लॅपटॉपबी?" रिझवानभाईंनी विचारलं.

"तुमचा तर सगळ्यात आधी. गिऱ्हाईक येते तं हॉर्न वाजते! हे ऑफिस हाय का गॅरेज?"

रिझवानभाई भांडले नाहीत. उठले, लॅपटॉप आणि खड्डेवाला कीबोर्ड पिशवीत टाकला, म्हणाले, "मंग मी जातो, सर. सोमवारी लॅपटॉप आणून देईन." आणि खरंच जिना उतरून गेले. या माणसानं कधी पगारवाढ मागितली नाही, जास्तीची सुट्टी मागितली नाही, आणि एका खोकल्यासाठी नोकरीवर लाथ! उमरे सरांचा चेहरा उतरला. मुकुटबनचं नवीन काम अर्धवट होतं, आणि काट्याच्या मशीनची भाषा रिझवानभाईंशिवाय कोणाला येत नव्हती. पण शब्द तोंडातून गेला होता.

"ताई, तुमचं आयकते तो," सर मला म्हणाले. "रविवारी जरा जाऊन पाहा बरं."

गेले. डोक्यात भाषण तयार होतं. घरदार आहे तुम्हाला, या वयात नोकरी मिळते का, पाटीसाठी कोणी पोटावर पाय मारून घेतं का, वगैरे. घर मशिदीच्या मागच्या गल्लीत. भाभी माहेरी गेल्या होत्या. दार उघडंच होतं आणि आतून इंजिनाचा आवाज येत होता.

खाटेवर त्यांचे अब्बा बसले होते. गफूर उस्ताद. हायवेवर त्यांचं गॅरेज होतं, माझ्या वडिलांची राजदूत मोटारसायकलही त्यांच्याच हाताखालून गेलेली. उस्ताद बॉनेट उघडायचे नाहीत, आधी नुसता आवाज ऐकायचे, असं वडील सांगायचे. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आणि गॅरेज बंद झालं. एवढं मला माहीत होतं. ते घरात दिवसभर काय करत असतील, हे मात्र कधी मनातही आलं नव्हतं.

लॅपटॉप खाटेवर होता. रिझवानभाई एकेक ओळ खाली सरकवत होते. प्रत्येक ओळीला इंजिनाचा एक ठोका पडत होता. कंसाच्या आत गेलं की ठोका जड व्हायचा, बाहेर आलं की हलका. उस्ताद मान खाली घालून ऐकत होते.

"थांब," ते एकदम म्हणाले. "मांगं घे. अजून मांगं. हां. इथं मिसिंग करून राह्यली गाडी, ठोका चुकला."

रिझवानभाईंनी पाहिलं. "हो अब्बा. कंस राह्यला इथं."

"कस त्याले. पयले औजार पाह्य, मंग काम करत जाय."

मी दारातच उभी. भाषण कुठल्या कुठे गेलं. रिझवानभाईंनी मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे उठले. चहा ठेवायचं निमित्त करून मला स्वयंपाकघरात नेलं.

"दर रविवारी बसतो," ते हळूच म्हणाले. "हप्त्याभराचं काम अब्बा तपासून देतात."

"अहो, मग हे घरच्या कॉम्प्युटरवर ठेवा ना. ऑफिसात सरांचं स्टँडर्ड, घरी तुमचं."

"हापिसचं कामच त्यात नसन, तं घरी वाजवू काय, ताई?" त्यांनी गॅस मोठा केला, लगेच बारीक केला. "घरचं अलग केलं का ते खेळणं होते. अब्बाले खेळणं नोको, काम पायजे. त्याईले वाटते, पोराचं हापिस आपल्या कानावर चालून राह्यलं. कधी काही बिघाड नसते, तं मीच एखादा कंस ढिला ठेवून देतो. त्याईले माईत नाही."

चहा उतू गेला. दोघांनीही गॅस बंद केला नाही, इतकं आमचं लक्ष नव्हतं.

रिझवानभाई दूध आणायला कोपऱ्यावर गेले, तशी उस्तादांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बेटा, रिझूनं सांगितलं असन, का मले माईत नाही म्हणून."

मी खाटेच्या कडेला टेकले.

"आपोआप ढिला झालेला नट अलग वाजते, आन् मुद्दाम ढिला केलेला अलग. पयल्या रविवारपासून समजते मले. पण मी कायले सांगू? पोरगा घंटाभर बाजूले बसते माह्या. सांगितलं तं बसन का?" आणि हसले. "तू नोको सांगू."

मला भरून आलं. डोळे पुसले तरी त्यांना दिसणार नव्हतं, म्हणून पुसले. पण ते लगेच म्हणाले, "रडते काहून?" कानांपुढे काय लपवायचं!

सोमवारी मी उमरे सरांच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, "सर, रिझवानभाईंचा लॅपटॉप पुसायचा नाही."

"पण स्टँडर्ड..."

"त्यासाठीच. त्या एडिटरवर आपला प्रोग्राम दर रविवारी बाहेरचा तज्ज्ञ तपासतो. आवाज त्याच्यासाठीच आहेत. मोठ्या कंपन्यांत यालाच स्टँडर्ड म्हणतात."

"बाहेरचा तज्ज्ञ?" सर खुर्चीत सरसावून बसले. "अनुभव किती?"

"हयात गेली दुरुस्तीत."

"फी?"

"चहा."

उमरे सर इतके खूश झाले, की गिऱ्हाइकांना फोनवर सांगू लागले, आमच्याकडे प्रत्येक ओळ तज्ज्ञाच्या कानाखालून जाते. रिझवानभाई कीबोर्ड घेऊन परत आले. हॉर्नचा आवाज तेवढा त्यांनी कमी केला, खालच्या दुकानदारासाठी.

मुकुटबनचं काम वेळेवर गेलं. पण एका शनिवारी मी सगळा प्रोग्राम तपासला, तर कुठे काही खोट नाही. रिझवानभाई पान खायला खाली गेले होते. मी त्यांच्या खुर्चीवर बसले. न्यूट्रल, मग लिहायचा गिअर, शिकले होते तेवढं. मधल्या एका ओळीतला कंस पुसला. एडिटर खोकला. सेव्ह केलं आणि साळसूदपणे माझ्या जागेवर येऊन बसले.

सोमवारी रिझवानभाई आले ते सरळ माझ्या टेबलापाशी.

"ताई, अब्बानं तुमच्यासाठी निरोप देल्ला."

"काय?"

"म्हणे, या हप्त्यात एक नट ढिला होता, पण तो तुह्या हातचा नाही. हात नवा हाय, अजून कच्चा हाय." रिझवानभाईंनी पिशवीतून कीबोर्ड काढला आणि बराच वेळ त्याची वायर सोडवत राहिले. "म्हणे, ज्याचा असन त्याले सांग, रविवारी चहाले ये म्हणा. तिघं बसू."