जवळा घातलेला किन्वा

आमच्या दारावर टकटक झाली आणि दार उघडल्यावर नाकासमोर भरलेला चमचा दिसला, तर समजायचं, चमच्यामागे दामूकाका आहेत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काका, हे काय आहे?" असं विचारायची सोय नाही. एकच हुकूम सुटतो, "आदी गिळ, मंग बोल!"

दामूकाका म्हणजे आमचे घरमालक. अंजूरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझा नवरा भाड्याने राहतो. मी शेजारच्याच गोदामात बिलिंगला आहे. ते गोदामही काकांच्याच जमिनीवर उभं आहे. म्हणजे घरी काका, ड्युटीवर काका. चमच्यापासून पळून पळून जाणार कुठे?

माणूस एरवी राजा. पांढरा लेंगा, गळ्यात जाड चेन, आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसाला ऐकू जावा. साठी उलटेपर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेलासुद्धा भरून घेतला नव्हता. आणि हाच माणूस यंदाच्या होळीनंतर कमरेला टॉवेल खोचून काकडी चिरायला बसला! मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवलेला, त्यात कुणी गोरी बाई किन्वा नावाच्या कसल्याशा परदेशी धान्याचं सॅलड करतेय, आणि काका तिला दम देतायत, "अगं सावकाश बोल ना! मानसाच्या डोक्यात शिरलं तरी पायजे ना!"

कारण होत्या जनाकाकी. काकांची बायको. त्यांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, तांदूळ बंद. आता सांगणाऱ्याचं काय जातं? आमच्याकडे भात तांदळाचा, भाकरी तांदळाची, सणाचे वडे तांदळाचे. काकींनी तांदूळ सोडला आणि त्याबरोबर पंगतच सोडली. घरात सगळे जेवले की त्या मागच्या दारात बसून कोरडी चपाती खायच्या. कुणाच्या लग्नात गेल्या तरी वाढपाला उभ्या राहायच्या आणि उपाशी परत यायच्या. "चार बायांत बसून मी काय ताट बगत बसू?" म्हणायच्या. पंगतीत त्यांच्याइतकं हसणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते मनाला जास्त लागायचं.

गोदामात किराणा माल ठेवणाऱ्या एका माणसाने काकांच्या हातात किन्वाचं पाकीट दिलं. "काका, हे भातासारखं शिजतं, पण शुगरवाल्यांना चालतं." झालं! काकांनी त्याच दिवशी जाहीर केलं, "मे महिन्यात पुतन्याची हळद हाय. त्या हळदीला माजी बायको पंगतीत बसून पोटभर जेवनार. न्हाय जेवली तं नाव बदलीन!"

पहिल्या दिवशी किन्वा न धुता शिजवला. कडूजहर! दुसऱ्या खेपेला धुवायला घेतला, तो तांदूळ धुवायच्या रोवळीत. दाणे राईएवढे, रोवळीची भोकं तांदळाच्या मापाची. सगळा किन्वा पाण्याबरोबर मोरीतून परसात गेला. त्या दिवशी आळीतल्या कोंबड्यांइतकं पौष्टिक कुणीच जेवलं नसेल. मग एकदा भातासारखी पेज काढून मला पाजली. एकदा त्यात ताडगोळे घातले. एकदा व्हिडिओतल्या बाईचं ऐकून कसलंसं तेल आणि सुकलेली पानं. प्रत्येक वेळी काकी एक घास घ्यायच्या, "बरं हाय" म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. काका मात्र त्यांच्या शेजारी बसून स्वतःचं ताट चाटूनपुसून संपवायचे. "काय भारी झालंय! खा गं!"

हळद तोंडावर आली तरी तेच. एका रविवारी पुन्हा चमचा आला आणि माझं डोकंच सटकलं. मी आधीच तापट, त्यात उन्हाने जीव नकोसा झालेला.

"काका, पुरे झालं हां! त्या बाईला जवळा माहीत आहे का? कैरी माहीत आहे का? काकींची जीभ खाडीवरची, तिला ही वाळलेली पानं कशी गोड लागणार?"

काका चमचा तसाच हातात धरून खाली गेले. मला चुटपुट लागली, उगाच बोलले म्हणून.

संध्याकाळी खालून भाजलेल्या जवळ्याचा, म्हणजे त्या सुक्या बारीक कोलंबीचा, वास आला. मी धावतच खाली गेले. मलमलच्या फडक्यात स्वच्छ धुतलेला किन्वा, मोकळा शिजवून गार केलेला. त्यात बारीक कांदा, काकडी, कैरीचा कीस, हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, वरून लिंबू. आणि अगदी वाढताना, कुरकुरीत भाजलेला जवळा. काकींनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. "बरं हाय" म्हणाल्याच नाहीत. बोटं चाटली आणि ताट पुढे केलं!

हळदीच्या दिवशी काकांनी मांडवात मटणाच्या टोपाशेजारी आपला टोप मांडला. त्यांचा धाकटा भाऊ कपाळाला हात लावून बसला. "दादा, हळदीला कोशिंबीर? पाव्हणे हसतील ना!"

"हसूं दे. तू भात वाढ."

बायकांच्या पंगतीत काकींना मी हाताला धरून माझ्याशेजारी बसवलं. काका स्वतः वाढायला आले. पलीकडच्या आत्याबाईंनी काकींच्या ताटात डोकावून नाक मुरडलं, मग वास घेतला, मग म्हणाल्या, "मना पन वाढ रं जरा." मग त्यांच्या सुनेने मागितलं, मग समोरच्या ओळीने. "जवला हाय त्यात, जवला!" अशी बातमी पंगतभर फिरली. बघता बघता टोपाचा तळ दिसू लागला. काकी पोटभर जेवल्या, दोनदा मागून जेवल्या, आणि कसल्याशा जुन्या गोष्टीवरून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काका वाढायचा डाव उंचावून भावाला ओरडले, "बगितलास का? टोप रिकामा!" डीजेवाल्यालाही ते ऐकू गेलं असेल. मला तर इतका आनंद झाला, जणू सॅलड मीच केलं होतं.

पंगत उठली. काका टोप खरवडून उरलंसुरलं सॅलड ताटात घेऊन मांडवाच्या खांबाशी बसले. तेवढ्यात काकी आल्या. हातातल्या ताटात भाताचा ढीग आणि वर मटणाचा रस्सा. त्यांनी ते ताट काकांपुढे ठेवलं.

"जेवा."

"मना ह्येच आवडतं," काका म्हणाले.

"काय आवडतं? एकेक घास पान्यासंगती उतरवताव, मना काय दिसत न्हाय? मी एकटी पडू नये म्हनून तुमी पन भात सोडलाव. आज माज्या संगती चार बाया जेवल्या. आता गुमान भात खा."

एवढ्या मोठ्या आवाजाचे काका मदतीसाठी माझ्याकडे पाहू लागले. मी काकींच्याच बाजूची. भाताचं ताट मी त्यांच्याकडे आणखी सरकवलं. शेवटी त्यांनी खाली मान घालून भात कालवला आणि पहिला घास घेतला. काकी त्यांना खेटून खाली बसल्या, त्यांचं सॅलडचं ताट आपल्यापुढे ओढलं आणि त्यांच्याबरोबर पुन्हा जेवू लागल्या.