आठ सेकंदांची शांतता

लघुपटाचं चित्र अंधुक असेल तर प्रेक्षक त्याला शैली म्हणतात. आवाज खराब असेल तर मात्र उठून जातात. म्हणूनच चित्रपटसृष्टीत ध्वनिमुद्रकाला मोठा मान आहे. (श्रेयनामावलीत त्याचं नाव खालून दुसरं असतं. त्याच्याखाली फक्त ज्यांच्या जिन्यात चित्रण झालं, त्या रहिवाशांचे आभार.)

कानसेन हे अशाच एका ध्वनिमुद्रकाचं टोपणनाव. त्याच्या मेहुण्याने लघुपट काढला. विषय संवेदनशील होता: बायकोचं न ऐकणारा नवरा. (सर्व पात्रं काल्पनिक असल्याचं सुरुवातीलाच जाहीर केलं होतं.) चित्रण कानसेनच्याच घरी झालं, कारण तिथे भाडं लागत नव्हतं आणि सख्ख्या मेहुण्याला नाही म्हणायची सोयही नव्हती.

कानसेनने कामाला वाहून घेतलं. जेवणाच्या टेबलाखाली गोधड्या लावून त्याने ध्वनिकक्ष उभारला आणि कानांवर हेडफोन चढवून तो आत गेला. हातांत चपला घालून तो फरशीवर नायिका चालवायचा. तिचं मन मोडल्याचा आवाज त्याने काकडी मोडून काढला.

"भाऊजी, फार ताजी वाटतेय," मेहुणा म्हणाला. "हिचं मन जुनं मोडलंय."

मग दोन दिवसांची काकडी शोधण्यात आली.

खरी कसोटी शेवटच्या दृश्याची होती. त्यात आठ सेकंद संपूर्ण शांतता हवी होती. त्यासाठी एकोणचाळीस प्रयत्न झाले आणि सगळे वाया गेले. कारणांची रीतसर नोंद अशी: शेजारचं ड्रिल नऊ वेळा, कुकरची शिट्टी अकरा, 'शांत बसा रे' हे दिग्दर्शकाचं ओरडणं चौदा, किरकोळ घरगुती गोंगाट पाच.

ही पाच मुद्रणं दुरुस्त होण्यासारखी होती. संगणकाच्या पडद्यावर त्या गोंगाटाच्या जांभळ्या लाटा दिसत होत्या. कानसेनने त्या इतक्या सफाईने खरवडल्या, की मागे मागमूस उरला नाही. तरी त्या शांततेला जिवंतपणा नव्हता.

आणि आठवडाभराने घर आपोआप शांत झालं. भांडी वाजेनात, दार वाजेना. कानसेनने ताबडतोब मुद्रण केलं. पहिल्याच झटक्यात आठ सेकंद मिळाले, अगदी निखळ. मेहुण्याचे डोळे भरून आले.

"ताईलाही ऐकवू या," तो म्हणाला. "कुठे आहे ती?"

"असेल आत."

ती आत नव्हती. बाहेरही नव्हती. कपाटाचा तिचा कप्पा रिकामा होता. कानसेनला काहीतरी आठवलं. त्याने संगणकातल्या 'कचरा' या फोल्डरमधून खरवडलेला गोंगाट काढला आणि पहिल्यांदाच तो काय म्हणतो ते ऐकलं.

"चहा घेणार का?"

"माझ्या बदलीचं पत्र आलंय."

"शुक्रवारपर्यंत कळवायचंय. काय सांगू?"

"ऐकतोयस ना?"

"बरं. मग हो म्हणून टाकते."

ध्वनीची प्रत उत्तम होती. तिने शेवटच्या वाक्याआधी घेतलेला श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. कानसेनने तो अकरा वेळा ऐकला. मग तिला फोन लावला. तिने उचलला. दोन्हीकडे तीन मिनिटं कोणीच बोललं नाही. (व्यवसायाच्या दृष्टीने हाही उत्तम नमुना होता, पण त्याने मुद्रण केलं नाही.)

लघुपटाला सर्वोत्कृष्ट ध्वनीचं पारितोषिक मिळालं. परीक्षकांनी शेवटच्या शांततेचा 'अनुभवातून आलेली' असा गौरव केला. बायको प्रदर्शनाला नव्या गावाहून आली होती.

"छान होती शांतता," ती म्हणाली. "कुठे मिळाली?"

"घरीच," कानसेन म्हणाला.

तिने मान हलवली आणि परतीची बस पकडली.

असो. कथेत इतकं रंगून जाणारे वाचक हल्ली दुर्मिळ. आता वर बघायला हरकत नाही. मघापासून कोणीतरी तुम्हाला काहीतरी विचारतंय.