उसनी हिरवळ

"आठ दिवसांत अंगणातलं एकूण एक तण साफ करतो! तू येशील तेव्हा लॉन नाही, गालिचा दिसेल गालिचा!"

निवृत्त पोस्टमास्तरांनी फोनवर बायकोला असं ठणकावून सांगितलं, तेव्हा पानगळ लागली होती. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली त्याला चार महिने झाले होते. "एवढा महिना झाला की येतेच" हे तिनं तीनदा सांगून झालं होतं. रोज फोनवर ती आधी लॉनची चौकशी करायची, मग यांच्या गुडघ्यांची. "मला करमत नाही गं, ये आता" हे वाक्य मास्तरांच्या ओठांपर्यंत यायचं आणि पत्ता चुकलेल्या पाकिटासारखं परत जायचं.

तेव्हा लॉन तरी! तण आत्ताच मारलं नाही तर बी झडून पुढच्या साली दुप्पट उगवणार, हे बायकोनंच बजावलं होतं. मास्तर तडक बियाण्यांच्या दुकानात गेले.

"सगळं मारायचंय?" दुकानदारानं विचारलं.

"सगळं! एकसुद्धा वाचता कामा नये!"

दुकानदारानं इमानदारीत सगळं मारणारी बाटली दिली.

मास्तरांनी पाठीवर पंप चढवून कोपरा न् कोपरा फवारला. पाचव्या दिवशी तण पिवळं पडलं. मास्तरांनी स्वतःचीच पाठ थोपटली. आठव्या दिवशी गवतही पिवळं पडलं. दहाव्या दिवशी अंगण जुन्या पायपुसण्यासारखं दिसू लागलं!

आणि नेमका तेव्हाच लेकीचा फोन. "बाबा, संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. आईला लॉन बघायचंय."

मास्तर शेजारच्या नर्सबाईंच्या फाटकात जाऊन उभे राहिले. बाईंचं लॉन हिरवंगार.

"बाई, दहा मिनिटं तुमचं लॉन उसनं द्याल?"

"विरजण उसनं नेतात, मास्तर. लॉन कसं नेणार?"

"नेत नाही. मीच येतो."

नर्सबाईंनी हसत खुर्ची टाकून दिली. कॉल आला. पडद्यावर बायको, तिच्या खांद्यावर बाळ. मास्तर क्षणभर लॉन दाखवायचंच विसरले. ती वाळली होती का? केस जरा जास्त पांढरे?

"अगं बाई! केवढं हिरवं!" बायको हरखली. "पण खुर्ची कुठली ही?"

"न... नवीन!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "मास्तर, चहा! साखर एकच ना तुम्हाला?"

पडद्यावर बायकोनं बाळ लेकीच्या हातात दिलं.

"त्यांना कसं ठाऊक," बायको सावकाश म्हणाली, "तुम्हाला साखर एकच लागते ते?"

"अगं, मागे एकदा—"

कॉल कट! मास्तरांनी अकरा वेळा फोन लावला. शेवटी लेकीचा निरोप आला: 'आई सकाळच्या गाडीनं निघतेय. बाबा, तुम्ही केलंत तरी काय?'

मास्तर घाबरले, आणि घाबरता घाबरता दोन्ही उशांचे अभ्रे बदलून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको रिक्षातून उतरली. अंगण पाहिलं आणि पिशवी हातातच राहिली.

"हे काय?"

मास्तरांनी बाटलीपासून खुर्चीपर्यंत सगळं कबूल केलं. आधी तिच्या ओठांचा कोपरा हलला, मग ती पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अहो, करमत नाही म्हणून सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

तिनं पदरानं डोळे पुन्हा पुसले.

"लेकीकडे परत कधी जाणार?" मास्तरांनी अंगणाकडे बघत विचारलं.

"हे असं टाकून कशी जाऊ? सगळं खणून, नवं बी पेरून, उगवलं की मग जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कुदळ घेऊन अंगणात उतरले. दुपारपर्यंत त्यांनी दीड हात जमीन खणली. मधे चार वेळा विसावा, दोनदा चहा.

नर्सबाई कुंपणावरून ओरडल्या, "मास्तर, या वेगानं वर्ष लागेल की हो!"

मास्तरांनी दचकून घराकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, हळू बोला! ती आत आहे!"